जिराईत रानातली खिलार गाय



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची नावे आपण एका दमात घेतो, पण त्यांच्या पोटात दोन वेगळे मुलूख आहेत. नीरा डाव्या कालव्याखालचा मुलूख उसाचा. बारमाही हिरवा, कारखान्यांचा, दूध संकलन केंद्रांचा. कालव्याचे पाणी जिथे चढत नाही तो दुसरा मुलूख. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूची गावे घ्या, नाहीतर इंदापूरकडे लाकडी, निंबोडी, शेटफळगढेच्या बाजूला या. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत टिकले तर बरे. रान हलके-मध्यम, पीक बाजरीचे, हुलग्या-मटकीचे आणि परतीच्या पावसावरच्या ज्वारीचे.

आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या मुलखातल्या, चार-पाच एकर रान असलेल्या शेतकऱ्याशी. त्याच्या दावणीला गाय कोणती असावी? माझे उत्तर खिलार असे आहे. पण ते का, आणि कोणत्या अटीवर, हे नीट ऐकून घ्या. अटी सोडून नुसते उत्तर घेतलेत तर नुकसान व्हायचे.

खिलार हे आपल्या शेजारचेच जनावर. नीरा ओलांडली की माळशिरस, पुढे सांगोला, आटपाडी, माण. हे तिचे माहेर. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. कळप पाळून रानोरान फिरणाऱ्या ठेलारी लोकांनी ही जात राखली. म्हैसूरकडच्या हळ्ळीकार, अमृतमहाल जनावरांशी तिचे नाते जाणकार सांगतात. आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात होता. त्या भागातल्या जनावराला आजही आटपाडी खिलार म्हणून वेगळी ओळख आहे. पांढरा किंवा कोसा रंग, लांब निमुळते तोंड, मागे जाऊन वर वळलेली शिंगे, घट्ट अंग, काळे टणक खूर. स्वभावाने तापट आणि बुजरी. घरच्या माणसाच्या हाताखाली गरीब, परक्याला मात्र जवळ येऊ देणार नाही. खरसुंडी, पुसेगाव, पंढरपूर, सांगोला इथले बाजार या जनावरांवर नावाला आले. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा रथ बारामती-इंदापूरवरून पंढरीला जातो, तेव्हा रथाच्या बैलजोडीकडे सगळ्यांची नजर लागते. ती जोडी बहुधा याच जातीची असते.

आता पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. दुधाच्या हिशेबावर खिलार गाय परवडत नाही. एका वेताला साधारण चारशे-पाचशे लिटर दूध, त्यातला वाटा वासराचा. घरात रोज लिटर-दीड लिटर येते, तेही सहा-सात महिने. वासरू पुढे असल्याशिवाय ती पान्हावत नाही. पहिले वेत चौथ्या वर्षाच्या आसपास, आणि दोन वेतांत सव्वा वर्ष किंवा थोडे अधिकच अंतर. संकरित गाय एका महिन्यात देते तेवढे दूध ही आख्ख्या वेताला देते. दूध डेअरीला घालून हप्ते फेडायचे असतील, तर या गाईच्या वाटेला जाऊ नका.

आणि संकरित गाईला नावे ठेवायचेही कारण नाही. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था काढली. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे रेतन तिथून खेडोपाडी गेले. कालव्याखालच्या कितीतरी घरांत त्या गाईच्या दुधावर मुले शिकली, घरे बांधली गेली. जिथे बारमाही हिरवा चारा, मुबलक पाणी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे, तिथे ती गाय शोभते. चूक होते ती एवढीच, की कालव्याखालची गाय आपण कालव्यावरच्या कोरड्या गोठ्यात आणून बांधतो.

हिशेब करून पाहू. जनावराला लागणारा चारा त्याच्या वजनावर आणि दुधावर ठरतो. खिलार गाय साडेतीनशे किलोची धरली, तर तिला दिवसाला आठ किलो कोरड्या वजनाचा चारा लागतो. म्हणजे वर्षाला तीन टन. यातला निम्मा बांधावरून, पडातून, शेवरीच्या पाल्यातून निघतो. राहिला दीड टन. मध्यम सालात एकरभर ज्वारीचा कडबा एक ते दीड टन मिळतो. म्हणजे एक-दीड एकराच्या कडब्यावर आणि बाजरीच्या सरमाडावर एक गाय वर्ष काढते. भाकड असताना वेगळा खुराक नसला तरी चालते.

आता साडेचारशे किलोची, रोज बारा लिटर दूध देणारी संकरित गाय घ्या. तिला तेरा-चौदा किलो कोरडा चारा लागतो, आणि त्यात हिरवा हवाच. त्यातच पाच-सहा किलो पेंड-भरडा. उन्हाळ्यात पाणी ऐंशी-शंभर लिटर. हा खुराक विकतचा आणि हे पाणी टँकरचे असले, तर दुधाचे पैसे येतात कधी आणि जातात कधी ते कळत नाही.

माझ्या मामांच्या घरची गोष्ट सांगतो. इंदापूर तालुक्यातले जिराईत गाव. मामांकडे एक खिलार गाय पूर्वीपासून होती. शेजाऱ्यांचे पाहून कर्ज काढून त्यांनी एक होल्स्टीन संकरित गाय आणली. दोन वर्षे बरी गेली. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. विहीर दिवाळीलाच तळाला गेली. मामांनी उसाच्या पट्ट्यातून वाढे विकत आणून दोन्ही जनावरांना घातले. दुसरे होतेच काय? संकरित गाय चौदा लिटरवरून चारवर आली. पुढे व्याली आणि व्याल्यावर दुसऱ्याच दिवशी बसली. डॉक्टरांनी कॅल्शियम देऊन उठवली. पण दूध काही वर चढले नाही, आणि खुराकाचे पैसे कुठून आणायचे? शेवटी बाजार दाखवावा लागला. केवढ्याला गेली ते मामांनी आजवर सांगितलेले नाही. गाय गेली आणि हप्ते राहिले.

खिलार गाईच्याही बरगड्या मोजता येत होत्या. ती आटली, त्या वर्षी तिने घराला दुधाचा थेंब दिला नाही. पण ती उभी राहिली. पाऊस झाला, रानात गवत आले, महिन्या-दोन महिन्यांत अंगावर आली आणि माजावर येऊन गाभण राहिली. मी मामांना एकदा म्हटले, “हिनं तरी काय दिलं तुम्हाला त्या वर्षी?” मामा म्हणाले, “दूध न्हाई दिलं, पर कर्जबी न्हाई केलं तिनं.”

एका घरावरून नियम काढू नये, हे मला कळते. पण यामागे कारणही आहे. वशिंडाच्या जनावराची कातडी पातळ असते, तिच्यात घामाच्या ग्रंथी अधिक असतात. दूध थोडे म्हणून अंगात तयार होणारी उष्णताही कमी. चारा तुटला की ते दूध तोडते आणि जीव राखते. जास्त दुधासाठी निपजलेल्या गाईला तसे चटकन थांबता येत नाही. ती अंगातले झिजवून दूध देत राहते.

मग खिलार गाय देते काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्या चारही घ्यायला जमले तरच ती परवडते.

पहिली गोष्ट खत. मोठ्या जनावराचे शेण दिवसाला दहा किलोच्या आसपास पडते. उकिरड्यावर उन्हात वाळू न देता खड्ड्यात चाऱ्याच्या गाळासकट कुजवले, तर वर्षाला दीड-दोन टन खत होते. जिराईत ज्वारीला एकरी दोन टन शेणखत पुरते. म्हणजे एका गाईमागे वर्षाला एक एकर खतावते, आणि चार एकरवाल्याचे रान चार वर्षांनी एकदा फिरून खत खाते. ज्या जमिनीत ओल धरायला सेंद्रिय काही उरलेले नाही, तिला याहून मोठे औषध मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट बैल. तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर असताना बैल कशाला? नांगरट ट्रॅक्टरने करा, माझी ना नाही. पण परतीच्या पावसानंतर गावातली सगळी राने एकदम वाफशावर येतात आणि ट्रॅक्टर असतात मोजके. हलक्या रानातला वाफसा दोन-चार दिवसांत निघून जातो. त्या चार दिवसांत ज्याची पाभर रानात आहे त्याची ज्वारी साधली. जो ट्रॅक्टरवाल्याच्या दारात बसला त्याची ओल गेली. शिवाय कोळपणी बैलाशिवाय नेटकी होत नाही. पण चार एकरांवर बैलजोडी पोसणे झेपत नाही, हेही खरे. म्हणून आपल्या वाडवडिलांची वारंगुळ्याची रीत पुन्हा धरा. एक बैल तुमचा, एक शेजाऱ्याचा; दोघांची राने मिळून करायची. एका दावणीला एक गाय, एक बैल आणि एक वासरू. चार-पाच एकर रान यापेक्षा जास्त पोसत नाही.

तिसरी गोष्ट घरापुरते दूध. थोडे असते, पण घरच्या लेकरांच्या तोंडी जाते. या दुधाला शहरात फार भाव मिळतो असे ऐकून कोणी हुरळू नये. गिऱ्हाईक शहरात आहे आणि आपण सुप्यात आहोत. देशी दुधाच्या औषधी गुणांच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा अजून शास्त्राने ठामपणे सिद्ध केलेल्या नाहीत. दूध चांगले आहे, एवढे म्हणणे पुरे.

चौथी आणि खरी गोष्ट म्हणजे वासरू. चांगली राखलेली गाय आयुष्यात सहा-सात वेळा विते. त्यातली निम्मी कालवडी, निम्मे खोंड धरा. गाईचे मोल या वासरांत आहे. आणि इथेच आपण सर्वांत मोठी चूक करतो.

गाय माजावर आली, की हाताला लागेल त्या वळूला किंवा मिळेल त्या रेतनाला ती दाखवली जाते. डॉक्टरांकडे होल्स्टीनची कांडी आहे, भरून टाका! जन्मते ते वासरू ना धड दुधाचे, ना धड औताचे. खोंड उन्हात धापा टाकतो, कालवडीला खुराक पुरत नाही, आणि पाच पिढ्यांनी राखलेले बी एका वेतात हातचे जाते. म्हणून माझी पहिली अट ही, की खिलार गाय खिलारलाच दाखवायची. जातिवंत खिलार वळूचे रेतन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवून मागवता येते. गाय माजावर आल्यावर धावपळ करू नका. माज पुढे साधारण एकवीस दिवसांनी फिरून येतो, तेव्हा तारीख भिंतीवर कोळशाने का होईना लिहून ठेवा. गावात वळू असेल तर त्याची आई कोण, ती किती दूध द्यायची, पाय कसे, स्वभाव कसा, हे विचारा. तोच वळू त्याच्या लेकींना लागता कामा नये. दर तीन वर्षांनी दुसऱ्या गावाशी वळूची अदलाबदल करावी.

दुसरी अट कडब्याची. सुगीत भाव आला की गंज विकण्याचा मोह होतो. एका जनावरामागे वर्षाचा चारा आणि वर सहा महिन्यांची शिल्लक, एवढे बाजूला काढल्याशिवाय एक पेंडीही विकू नका. कडबा तसाच टाकला तर खालची जाड ताटे जनावर टाकून देते. कुट्टी करून घातला तर वाया जाणे पुष्कळ कमी होते. बांधावर शेवरी आणि मारवेल लावा. विहिरीला पाणी आहे तोवर चार गुंठे कडवळ करून मुरघास घालून ठेवला, तर चैत्र-वैशाखाची चिंता हलकी होते.

तिसरी अट वाढ्यांविषयी. आपल्याकडे टंचाईत वाढे हाच आधार. पण त्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते शरीरातला चुना बांधून टाकते. नुसत्या वाढ्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेले जनावर हाडांतून झिजते आणि व्याल्यावर बसते. मामांच्या गाईचे बहुधा हेच झाले. तेव्हा वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा आणि थोडा शेवरी-घासाचा पाला द्या, आणि रोज तीस ते पन्नास ग्रॅम क्षार मिश्रण व मीठ चुकवू नका. खिलार झाली म्हणून तिला हा नियम लागू नाही असे नाही.

तीच गोष्ट रोगांची. देशी जनावराला काही होत नाही, हा समज खोटा आहे. २०२२ साली लम्पी चर्मरोग आला तेव्हा देशी गुरेही दगावली. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्यापूर्वी, लम्पीची डॉक्टर सांगतील तेव्हा. वासराला जन्मल्यापासून पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा आणि पहिले तीन महिने दुधातला वाटा आधी त्याचा, मग आपला. आईच्या दुधावर उपाशी ठेवलेला खोंड पुढे कितीही पेंड घातली तरी भरत नाही.

आता एक अवघड गोष्ट. खोंडाचे पुढे काय? बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा खोंडांचा बाजार पडला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने राज्याचा कायदा कायम केला. बाजार पुन्हा चढला. लाखांत गेलेल्या खोंडांच्या बातम्या आपण ऐकतो. पण शंभरांतला एखादा खोंड शर्यतीचा निघतो. उरलेल्या नव्व्याण्णवांना औतालाच जायचे आहे. सोडतीचे तिकीट काढावे तशी गाय पाळू नका. खोंड चार दाती झाला की हलक्या कामाला जुंपा आणि औताला शिकवून विका; शिकलेल्या बैलाला गिऱ्हाईक लवकर मिळते.

दुसरी बाजू म्हाताऱ्या बैलाची. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाला त्यामुळे बाजारात घेणारा सहसा नाही. काही लोक रात्रीतून दावे सोडून देतात आणि ते जनावर दुसऱ्याच्या ज्वारीत शिरते. हे आपल्याला शोभत नाही. बैल घेताना किंवा घरी वाढवतानाच त्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांचा कडबा हिशेबात धरा. तो धरून परवडत नसेल, तर बैल शेजाऱ्याचा असू द्या आणि तुम्ही गाय तेवढी राखा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून घोषित केले. मान मिळाला, चांगले झाले. गव्हाणीत चारा मात्र आपल्यालाच टाकायचा आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. आपल्या शाळेतल्या मुलांकडून गावातल्या गाईंची एक वही करून घ्या. गाय कोणाची, जात कोणती, कधी व्याली, कोणत्या वळूपासून, वासरू काय झाले, दूध किती. शेजारच्या रकान्यात त्या महिन्याचा पाऊस. गणिताचा तास त्यातच होईल, भूगोलाचाही होईल. पाच वर्षांनी ती वही उघडलीत, तर गावातला कोणता वळू राखायचा आणि कोणता नाही, हे सांगायला बाहेरून कोणी यावे लागणार नाही. ठेलाऱ्यांनी ही जात डोक्यात वही ठेवून राखली. आपल्याला लिहिता येते, आपण ती कागदावर ठेवू.

शेवटी थोडक्यात सांगतो. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याने खुशाल दुधाची गाय पाळावी. पण ज्याचे रान पावसाकडे पाहते, त्याने अशी गाय राखावी की जी पाऊस नसलेले वर्षही काढील. एकच राखा, पण पोटभर घालून राखा, आणि खिलारपासूनच वासरू घ्या. सांगोल्याच्या बाजारात पुष्कळ चांगली जनावरे दिसतात, पण जात टिकते ती बाजारात नाही. एखाद्या चार एकरवाल्याच्या गोठ्यात गाय माजावर येते आणि त्या सकाळी तो कोणता वळू निवडतो, तिथे ती टिकते किंवा जाते. ती सकाळ तुमच्या गोठ्यात येईल तेव्हा माझे हे चार शब्द आठवावेत, एवढीच विनंती.